मुंबईत फोडलेला नारळ

फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या घाईत दारात बसून बूट घालत होतो. पलीकडून विलासचा मेहुणा प्रकाश बोलत होता. "भाऊ, दाजी गेले. पाहुण्यांना घेऊन वर कातळावर फिरवत होते, गाडीसकट खाणीत पडले." अशा बातमीवर माणूस काय विचारतो? कधी, कसं, दवाखान्यात नेलं का... मी यातलं काहीच विचारलं नाही. मी विचारलं, "कोणाच्या सड्यावर?" "तुमच्याच सड्यावर भाऊ," प्रकाश म्हणाला, "पण तुमचा काय दोष? कोणी खणली ते बघूच आपण." एका पायात बूट आणि एक पाय मोकळा, असा मी तिथेच कितीतरी वेळ बसून होतो. बायको विचारत होती काय झालं म्हणून. विलास गेला, एवढंच मी तिला सांगितलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. आमच्या भागात पर्यटन आणणाऱ्या या हरहुन्नरी माणसावर चार शब्द लिहून द्या, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, कारण त्याला माझ्याइतकं ओळखणारं लिहितं माणूस दुसरं नाही. खरंच नाही. पहिली ते दहावी एका बाकावर बसलो, एकाच वर्षी मुंबईला आलो, गिरगावात एकाच खोलीत सात जणांत शेजारी शेजारी पथारी टाकली. मी कारकून झालो आणि मुंबईला चिकटलो. तो गॅरेजात मेकॅनिक झाला आणि एक दिवस "मना हितं श्वास लागतो" असं म्हणून उठून गावाला गेला. पालीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. खाली भातशेती, मध्ये आंबा-काजूची कलमं आणि माथ्यावर मैलभर पसरलेला काळा कातळ, म्हणजे आमचा सडा. मधल्या रेघा फक्त सातबाऱ्यावर. तिथे उभं राहिलं तर कोणाचा तुकडा कुठे संपतो ते देवालाही सांगता येणार नाही. गवताशिवाय काही उगवत नाही म्हणून वर्षानुवर्षं त्याला कोणी विचारलं नव्हतं. विलासने विचारलं.

कोल्हापूरच्या कोणाकडून त्याने चार चाकांच्या तीन जुन्या मोटारसायकली आणल्या. पाहुणे त्यांना एटीव्ही म्हणत, विलास त्यांना रेडे म्हणे. गाव हसलं. सगळ्यात जास्त मी हसलो. "मेल्या, गुरं राखायची सोडून गुरावर बसून फिरणार तू," असं मी त्याला फोनवर म्हणालो होतो. "फिरनार नाय, फिरवनार," तो म्हणाला. आणि खरंच फिरवलं त्याने. पुण्याची, सांगलीची, कोल्हापूरची माणसं समुद्र बघायला येत, ती एक दिवस जास्त राहून विलासच्या मागे डोंगर चढू लागली.

मागच्या दिवाळीत मी मुलीला घेऊन गेलो तेव्हा त्याने आम्हालाही फिरवलं. निघायच्या आधी अर्धा तास शिकवणी. अंगठ्याने ॲक्सिलेटर कसा हळू दाबायचा, चढाला अंग पुढे कसं टाकायचं, उताराला मागे कसं बसायचं. "नजर म्होरच्याच्या चाकावर. डोंगर कुटं पळून जात नाय, तो थांबल्यावर बगायचा." मग बागेच्या टोकाला राखणदार देवाच्या दगडापाशी सगळ्यांना उतरवून तो गाऱ्हाणं घाली. पाहुण्यांना ती गंमत वाटायची, मोबाइल निघायचे. पण तो गंमत करत नसे. मोठ्याने, गावाच्या पद्धतीने, एकेकाचं नाव घेऊन सांगायचा, "म्हाराजा, हा सुधाकर, ही त्याची लेक मीनल, वर सड्यावर नेतोय, पऱ्याच्या पान्यातनं जानार, सांजच्या आत परत आनतो, संभाळून घे." आणि आम्ही सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. देवाला ऐकू यावं म्हणून इतकं ओरडायला हवं का, असं मी त्याला छेडलं. तो म्हणाला, "देवाला हळू पन ऐकू येतं रं. गाराणं मानसांना ऐकू जायासाटी असतं."

सड्यावर पोचल्यावर मात्र माझ्या अंगात आलं. समोर मोकळा, सपाट कातळ, वर निळं आकाश, मुलगी मागून ओरडतेय "बाबा, पळवा!" मी विलासची चाकोरी सोडली आणि उजवीकडे गाडी काढली. तो कसा आडवा आला मला कळलंसुद्धा नाही. गाडी बंद करून किल्ली त्याने स्वतःच्या खिशात टाकली आणि मला हाताला धरून तीस पावलं पुढे नेलं. गवत बाजूला केलं तर खाली जुनी चिरेखाण, चौकोनी, ताशीव, काठोकाठ पाणी आणि वर हिरवं शेवाळ. मुलीसमोर तो मला वाटेल ते बोलला. मग शांत झाला आणि म्हणाला, "हितं डोळ्याला दिसते ती जमीन नसते. ज्याची जागा त्याला इचारायचं, यंदा खनलंस काय. तो सांगंल ती जमीन." आणि हे बोलण्यापुरतं नव्हतं. दरवर्षी पावसानंतर फेऱ्या सुरू करण्याआधी सड्यावर ज्यांचे ज्यांचे तुकडे आहेत त्यांच्या घरी तो जायचा, मुंबईकरांना फोन करायचा, एकच प्रश्न विचारायचा. खोटं त्याला कोणी सांगत नसे. का सांगेल? चिरे काढणं हा गुन्हा थोडाच आहे.

आमच्या दोघांच्या बाबतीत मात्र होता. दोन वर्षांपूर्वी खाणवाले गावात फिरू लागले तेव्हा विलासने देवळात बैठक घेतली. सडा फोडला तर खालच्या विहिरी आटतील आणि त्याचं पोटही जाईल, हे त्याने लपवलं नाही. ज्यांना पटलं त्यांनी देवासमोर शब्द दिला की आमचा सडा आम्ही देणार नाही. सगळ्यांत आधी मी दिला, तोही मुंबईहून मुद्दाम जाऊन. आणि या वर्षी एप्रिलमध्ये मी माझा तुकडा खाणवाल्याला देऊन टाकला. का दिला, याची कारणं आहेत. घरातली आहेत, कोणालाही पटतील अशी आहेत. ती इथे लिहून मी स्वतःची वकिली करणार नाही.

खाणवाल्याला आधी एक लहान खड्डा मारून दगड कसा आहे ते बघायचं होतं. दहा दिवसांचं काम. माणसं बाहेरची, यंत्र लांज्याच्या बाजूने चढवायचं, गावाला पत्ता लागणार नव्हता. त्याच महिन्यात विलासच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन मुंबईत ठरलं आणि तो काकींना घेऊन आमच्याकडे राहायला आला. मीच बोलावलं. मायेने बोलावलं हे खरं, आणि तो गावात नसेल तेव्हाच काम उरकेल हेही माझ्या मनात होतं. दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात, हे मला या वर्षी कळलं.

आमच्याकडे जमीन फोडायची तर आधी त्या जागेवर जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून, राखणदाराला नारळ देतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, उभा राहून गाऱ्हाणं घालतो, अमक्याचा तुकडा, तमकं काम, लेकराबाळांना राख. खाणवाल्याचे मजूरसुद्धा नारळ दिल्याशिवाय पहिला घाव घालत नाहीत. त्याने फोन केला, "साहेब, नारळाचं काय?" गावात नारळ दिला तर बातमी फुटणार. आणि न देण्याची माझी छाती नव्हती, कारण देवाला मी भितो. मी म्हणालो, इथेच देतो, तुम्ही सुरू करा. घरच्या देव्हाऱ्यासमोर बसलो, मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं आणि नारळ फोडला. एवढ्यात विलास दवाखान्यातून आला. "आज काय रं?" "काही नाही, असाच. काकींसाठी," मी म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. दोन्ही हात पुढे करून त्याने ते गूळखोबरं घेतलं, कपाळाला लावलं आणि खाल्लं... मी समोर उभा राहून बघत होतो.

पुढचे दहा दिवस तो माझ्यासमोर जेवायला बसे आणि तिकडे माझ्या सड्यावर पातं फिरत असे. रोज वाटायचं, आज सांगू. काकींना बरं वाटू दे, मग सांगू. मग पाऊस लागला. खाणवाला म्हणाला, खड्ड्याभोवती दगडांचा गडगा पावसानंतर घालू, आत्ता वर कोण जातंय? तेही खरंच होतं. गावात गुरंच राहिली नाहीत, पावसात सड्यावर जातो कोण?

गणपतीत गावाला गेलो. आरतीला तो माझ्या शेजारीच उभा, झांजा त्याच्या हातात. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "चल वर, फुलं आलीत, वाट पन बगून येव. आटवड्यानं पाहुणं चालू व्हतील." मी म्हणालो, गुडघा दुखतोय. तो माझ्या गुडघ्याकडे बघून हसला. "म्हातारा झालास मेल्या. ऱ्हा मग. नायतरी तुज्या तुकड्याकडं काय बगायचंय? बाकीचं बगून येतो." तेव्हा माझ्या तोंडातून एक वाक्य निघायला हवं होतं. दोन शब्दांचं वाक्य. विलास, खणलंय. त्याने शिव्या दिल्या असत्या, वर्षभर बोलला नसता, गावासमोर माझी अब्रू काढली असती. आज तो जिवंत असता आणि माझ्याशी बोलत नसता... याहून दुसरं काही मला आता नको आहे.

विलास गेला त्या दिवशी काय झालं ते मागच्या गाडीवरच्या कोल्हापूरच्या बाईंनी सांगितलं. नेहमीची वाट गणपतीनंतरच्या पावसाने मधोमध खचली होती. विलासने गाडी थांबवून ती पाहिली आणि सगळ्यांना सांगितलं, "डावीकडनं जाऊ, ती आमच्या दोस्ताची जागा." गवत कमरेइतकं होतं. त्याची गाडी दिसेनाशी झाली आणि आतून "थांबा!" एवढं ऐकू आलं. पडता पडतासुद्धा पाहुण्यांना थांबवलं त्याने. बाईंची गाडी काठापासून दोन हातांवर थांबली. पाहुण्यांपैकी कोणाला खरचटलंसुद्धा नाही. विलासला वर काढायला दोन तास लागले, गाडी अंगावर होती.

मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. मी खांदा दिला. गावात सगळे म्हणत होते, खाणवाल्याने मुंबईकराच्या नकळत त्याचा सडा फोडला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, तुला दुप्पट दुःख रे सुधाकर. मी मान खाली घालून ते सगळं घेतलं. काकी मला जवळ घेऊन रडल्या. तेराव्याला पानावर बसलो. विलासच्या बायकोच्या हातचं जेवलो.

मुंबईला परत आल्यावर झोप गेली हे सांगण्यात अर्थ नाही, ती जायलाच हवी होती. देव्हाऱ्यासमोर बसवेना. मागच्या रविवारी गावाला गेलो आणि सुनंदावहिनीला, विलासच्या बायकोला, सगळं सांगितलं. ती मागच्या पडवीत कुळीथ निवडत होती. एप्रिलपासून सुरुवात करून गुडघ्यापर्यंत सांगितलं, नारळ गाळला नाही. तिने शिव्या द्याव्यात, सूप तोंडावर मारावं, ओरडून गाव गोळा करावं, असं मला वाटत होतं. तिने सुपातले कुळीथ निवडून संपवले. मग सूप बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, "भावजी, हिकडं या."

परसात विलासची गाड्यांची शेड आहे. दोन गाड्या उभ्या होत्या, तिसरीची जागा मोकळी. आतली भिंत मी कधी पाहिली नव्हती. जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत खडूने सगळा सडा काढलेला. पऱ्या, घाटी, वाट आणि जागोजाग चौकोन. प्रत्येक चौकोनात मालकाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात, विचारलं, जुनी खाण, एक पुरुष. विचारलं, नाही खणलं. विचारलं, फोन लागला नाही, या बाजूने जाऊ नये. पुरुष हे खोली मोजायचं आमच्याकडचं माप, एक पुरुष म्हणजे उभ्या माणसाची उंची. मी माझा चौकोन शोधत गेलो. डावीकडे वर होता, बराच मोठा. त्यात विचारलं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, "सुध्या. घरचा."

वहिनीने फळीवरचा खडू काढून माझ्या हातात दिला. "परकाश म्हनतो गाड्या चालू ठेवूया. त्याला वाट ठावं नाय, तो ही भिंत बगूनच जानार. लिवा तुमी. किती खोल ती लिवा."

मी खडू घेऊन उभा राहिलो. मला माहीत नव्हतं किती खोल आहे. मी एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. खाणवाल्याला विचारलंही नव्हतं.

"दोन पुरुस," ती म्हणाली. "त्येना काडत व्हते तवा मी काटावर उबी व्हते. दोन पुरुस."

मी चौकोनात खाण काढली. खाली लिहिलं, दोन पुरुष, पाणी. अक्षर वाकडं आलं. मग बोटाने ते वरचे दोन शब्द पुसायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं.

"त्याला हात लावू नका," वहिनी म्हणाली. "ते त्यांनी लिवलंय."