बाटलीतला फ्लेक्स

वरवे बुद्रुकच्या अलीकडं, महामार्गाला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिच्यावर बोर्ड आहे, ‘एहसान डेंटिंग अँड पेंटिंग’. त्यातलं डेंटिंग एहसानचं, याबद्दल दुमत नाही. चेपलेला दरवाजा तो असा उठवतो की धडक झाली होती हे मालकही विसरतो. पण पेंटिंग? एहसाननं गाडीला रंग मारून किती वर्षं झाली, हे त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही. रंग मारते त्याची बायको, जमीला.

झालं असं की थिनरचा वास आला की एहसानला शिंका सुटायच्या. एकदा तो एका काळ्या गाडीच्या ओल्या बॉनेटवर असा शिंकला, की मालकानं विचारलं, “ही डिझाईन काढायचे वरून किती पैसे घेता?” त्या दिवशी जमीलानं त्याच्या हातातली रंग फवारायची गन काढून घेतली, ती परत दिलीच नाही.

बंपर तर तिनंच वळणावर आणले. एहसान बंपरला लोखंडासारखाच रंग द्यायचा आणि महिन्याभरात त्यावर टाचेसारख्या भेगा पडायच्या. जमीलानं बोट दाबून बघितलं आणि म्हणाली, “अवो, पत्रा ताठ ऱ्हातो, ह्ये लवतं. लवणाऱ्या माणसाला ताठ कापड शिवलं तर उसवणारच की!” मग तिनं रंगाच्या दुकानदाराला खोदून खोदून विचारलं. आधी साबणानं धुवायचं, खरवडायचं, प्लास्टिकचा प्रायमर मारायचा. आणि शेवटच्या चकाकीच्या हातात एका बाटलीतलं औषध मिसळायचं, म्हणजे रंगही बंपरबरोबर वाकतो. त्या बाटलीला धंद्यात म्हणतात फ्लेक्स. फ्लेक्स नसेल तर जमीला बंपरला हात लावत नाही. एवढं सगळं करून बोर्डावर नाव कुणाचं? एहसानचं!

“माझं नाव टाका,” असं ती म्हणाली की एहसानचं उत्तर ठरलेलं. “अगं, गिऱ्हाईक बिचकंल. बाईच्या हातचा रंग म्हणून गाडी फिरवून न्हेतील.”

“बाईच्या हातची भाकर खाताना बिचकत न्हाईत ती मुडदी!”

अशात विंझरचा धनाजी आपली पांढरी मोठी गाडी घेऊन आला. धनाजी म्हणजे होऊ घातलेला पुढारी. निवडणूक कधी लागेल हे कुणाला माहीत नव्हतं, पण धनाजी उभा राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. गाडीचा पुढचा बंपर पुण्यात कुठंतरी रंगवलेला, आणि पार भेगाळलेला. जमीला पुढं झाली, तर हा तिच्या खांद्यावरून बघत म्हणतो, “एहसानभाई, उद्या मार्गासनीला सभा हाय. तुमी सोता हात घाला हां. बायामाणसांवर सोडू नका.”

जमीलाचं डोकं सणकलं. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. एहसानही वैतागून बोलून गेला, “ह्या धनाजीनं चारचौघांत तुला पेंटर म्हटलं ना, तर ह्यो बोर्ड उतरवीन आन तुझ्या नावाचा लावीन!”

“जबान?”

“जबान!”

आता बोर्ड त्या एका बंपरवर टांगलेला होता. जमीलानं तो धुतला, खरवडला, प्रायमर मारला, रंगही दिला. शेवटच्या हाताला बाटली उचलली, तर बाटली रिकामी. एहसान गावात नव्हता, दुपार कलत होती. धनाजी त्याच्या हनुमंत नावाच्या दोस्ताच्या पिकअपमधनं नसरापुरात फिरत होता. तिनं त्यालाच फोन लावला.

“दादा, फ्लेक्स संपलाय. येताना घिऊन या, न्हाईतर गाडी आज व्हायची न्हाई.”

पिकअपचा आवाज, मागं कर्णा. धनाजी ओरडला, “केवढा पायजे?”

“मोठा आणा. पुन्यांदा धावपळ नको.”

“नाव काय टाकू?”

जमीलाला वाटलं, दुकानदार बिल करतोय. “जमीला पेंटर सांगा, वळखत्यात.”

“आन कशाबद्दल?”

“अवो, पेंटिंगसाठी! दुसरं कशाला?”

“फोटू पाठवा मग.”

चुकीची बाटली नको यायला म्हणून तिनं रिकाम्या बाटलीचा फोटो काढून पाठवला. धनाजीनं तो न बघताच पुढं ढकलला.

यात धनाजीचं काय चुकलं? त्याच्याकडं सकाळ-संध्याकाळ माणसं एकच वस्तू मागतात. क्रिकेटच्या मॅचला फ्लेक्स, वाढदिवसाला फ्लेक्स, म्हैस व्याली तरी फ्लेक्स! फ्लेक्स मागितला की माणूस आपला झाला, एवढंच राजकारण तो शिकला होता.

दिवस मावळायच्या आत पिकअप शेडसमोर थांबली. एहसानही तेवढ्यात आला होता. धनाजी आणि हनुमंतानं मागची गुंडाळी उतरवून उलगडली. दहा फुटी फ्लेक्स! मधोमध सोन्याच्या कड्यात रिकामी बाटली. डिझाईन करणाऱ्यानं सवयीनं तिला भगवा फेटासुद्धा बांधला होता. खाली हात जोडून हसणारा धनाजी. आणि वर ही मोठी अक्षरं.

जमीला फ्लेक्सकडं बघत राहिली. “दादा, ह्ये काय?”

“फ्लेक्स! तुमीच म्हणला न्हवं मोठा आणा?”

“अवो, बाटलीतला! रंगात घालायचा!”

धनाजीनं फेटेवाल्या बाटलीकडं बघितलं, मग जमीलाकडं. “तरीच म्हटलं, भाभींचा फोटू असा कसा आला!”

शेजारच्या वडापावच्या गाडीवरची सगळी माणसं धावत आली. हसून हसून एकाला ठसका लागला. जमीला मात्र वरची अक्षरं वाचत होती. तिनं एहसानला कोपर मारलं. “वाचा.”

“ह्ये मोजायचं न्हाई,” एहसान कुजबुजला. “ह्यो चुकून छापलाय. म्हटलाय कुठं त्यो?”

“हात चुकला आसंल, तोंड तर जाग्यावर हाय न्हवं?” जमीला मोठ्यानं म्हणाली, “दादा, मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. काय लिवलंय?”

समोर पंधरा-वीस माणसं. माणसं दिसली की धनाजीचा घसा आपोआप खाकरला जायचा. त्यानं शर्ट खाली ओढला आणि सुरू झाला, “सुप्रसिद्ध पेंटर जमीलाताई यांना पेंटिंगसाठी हार्दिक शुभेच्छा!” टाळ्या पडल्या. मग काय, तो थांबतोय कशाला? “बंधूंनो, वेल्ह्यापासून भोरपतूर असा पेंटर न्हाई!”

“दादा, अजून रंग पुरा झाला न्हाई.”

“मग करा की!”

“मग फ्लेक्स आणा की!”

धनाजी परत नसरापूरला पिटाळला गेला. बाटली आली, जमीलानं शेवटचा हात दिला, दिव्याखाली बंपर वाळवला. एहसान मात्र अजून मानत नव्हता. “हवेत सोडलेलं भाषण हाय त्ये. रंग टिकला तर बघू.”

सकाळी धनाजी गाडी न्यायला आला. रुबाबात बसला, मागचा गिअर समजून पुढचा टाकला आणि गाडी सरळ शेडच्या खांबावर! बंपर आत दबला आणि टप्पकन बाहेर आला. एहसाननं डोळेच मिटले. जमीला वाकली, बोट फिरवलं. ओरखडा होता, भेग एकही नव्हती.

“वरखडा तुमचा,” ती धनाजीला म्हणाली. “तडा गेला आसता, तर त्यो माझा.”

धनाजी खाली उतरला, बंपरवर गुडघा दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. या वेळी घसा न खाकरता म्हणाला, “पेंटर हाय बया. खरंच पेंटर हाय.” हनुमंत होता, वडापाववाला होता, दुधाची गाडी थांबवून दोघं बघत होते. झाले चारचौघं.

एहसाननं पाना घेतला आणि बोर्ड उतरवला. नवा रंगवून होईस्तोवर त्या जागी फ्लेक्स बांधला. तो शिडीवरनं उतरतो न उतरतो तोच जमीला लहान ब्रश घेऊन वर चढली.

“आता काय?”

“वेलांटी ऱ्हस्व काढलीया भाड्यानं. जमिला! माझी दीर्घ हाय.”

“कुणाला दिसतीय एवढी?”

“मला दिसतीय. शिडी नीट धरा. आन ती बाटली द्या वर. ह्ये बी लवतं, वाऱ्यानं नुसता रंग तडकंल.”

एहसाननं बाटली दिली. तेवढ्यात त्याला शिंक आली.

“शिडी!” जमीला ओरडली.