समुद्रावरचा कमी ओझोन

विभावरी आयर्लंडला आली ती नवऱ्याच्या नोकरीमागे, लहान लेकीला घेऊन. उपेंद्र लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि तिची भौतिकशास्त्राची एम.एस्सी. घरात पडून होती. २००९ मध्ये, आजूबाजूला लोकांच्या नोकऱ्या जात असताना, तिला पीएच.डी.ची जागा मिळाली.

अटलांटिकवरून पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या हवेतला ओझोन मोजायचा आणि संगणकावरच्या मॉडेलशी ताडून बघायचा, हे तिचं काम. मोजमाप मॉडेलपेक्षा सतत कमी यायचं. समुद्रातून निघणारं आयोडीन ओझोन नष्ट करतं, हे माहीत होतंच. तिने मॉडेलमध्ये आयोडीन वाढवत नेलं आणि आकडे जुळले. तिचे प्राध्यापक डेक्लन खूश झाले. शोधनिबंध छापून आला, तेव्हा पुण्यात आईने पेढे वाटले.

२०१२ च्या हिवाळ्यात एका वादळानंतर ती किनाऱ्यावरच्या मोजणी केंद्रावर यंत्र तपासायला गेली. तंत्रज्ञाच्या मदतीने यंत्राचं जड कपाट पुढे ओढलं, तर हवा आत घेणाऱ्या नळीचा मागचा सांधा तडकलेला. तडा जुना होता, धुळीने काळा पडलेला. म्हणजे बाहेरच्या हवेबरोबर खोलीतलीही हवा यंत्रात जात होती, आणि बंद खोलीत ओझोन टिकत नाही. सांधा बदलताच आकडा चढला आणि चढलेलाच राहिला. ती तिथेच फरशीवर बसली. गळती तपासणं तिचंच काम होतं. कपाट एकटीला हलत नाही म्हणून ती पुढचेच सांधे बघत आली होती.

घरी उपेंद्र म्हणाला, "आधी थीसिस सबमिट कर, मग सांग."

"त्या आकड्यांवर दुसरे लोक काम करतायत," ती म्हणाली.

डेक्लन रागावले नाहीत. निबंध मागे घ्यायचं पत्र त्यांनीच लिहिलं. सगळं नव्याने मोजायला मुदतवाढ हवी होती, पण मंदीत त्यासाठी पैसे नव्हते. थीसिस राहिलाच.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने नीट मोजून दाखवलं, की आयोडीनचा परिणाम खरा आहे, फक्त तिच्या आकड्याच्या निम्माच.

"म्हणजे तू बरोबर होतीस," उपेंद्र म्हणाला.

"नाही. मी मोजलंच नव्हतं."

त्यानंतर त्याने दोनदा पश्चिम किनाऱ्याची सहल ठरवली. दोन्ही वेळा तिने लेकीच्या शाळेचं निमित्त काढलं.