फ्लॉरेन्समध्ये शंकाकाका

आमचे काका दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचत आणि मग ती तारीख खरी असेल का, याचा विचार करत उभे राहत. हेन्डरसन उपनगरातल्या त्यांच्या फार्मसीला लागूनच एक डेअरी होती. काका येताना दिसले की तिथला मालक बिचारा आपणहून मागची ताजी बाटली पुढे काढून ठेवी. त्यावर काकांना वाटे, हा एवढा सौजन्याने वागतोय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. आम्ही मराठी मंडळी त्यांना पाठीमागे शंकाकाका म्हणत असू. हे त्यांच्या कानावर कोणी घातलं असेल याबद्दल त्यांना एकीवर संशय होता, आणि तो बरोबर होता. मीच सांगितलं होतं.

मी पुण्याहून इथे परदेशात शिकायला आले, त्यांच्याकडे इंटर्न म्हणून लागले आणि तिथेच रुजले. दुकानात एक शिस्त होती. एकाने औषध भरायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. काकांनी भरलेलंही त्यातून सुटत नसे. "मी भरलंय म्हणून डोळे मिटून सही करू नकोस. माझ्यावर विश्वास ठेवायला तुला ठेवलेलं नाही," असं ते बजावत. एखादं गिऱ्हाईक "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत 'सगळं झकास', म्हणून निघालं की त्याला परत बोलावून गोळ्या कशा घ्यायच्या ते त्याच्याच तोंडून वदवून घेत. "स्वीट ॲज म्हणणाऱ्याला हमखास काही कळलेलं नसतं," हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या या स्वभावाचा मला वैताग येई. पण माझे आईवडील इतके लांब असताना माझ्या गाडीचे टायर दर महिन्याला तपासणारा दुसरा कोण होता?

अशा माणसाने एके दिवशी दुकान दोन आठवडे लोकमच्या, म्हणजे बदली फार्मासिस्टच्या, हवाली केलं आणि म्हणाला, "आपण तिघं इटलीला जाऊ." काकूंची हौस आहे, असं कारण सांगितलं. लोकमला साधी कपाटाची किल्ली न देणारा हा माणूस! यात काहीतरी काळंबेरं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

ते कळलं रोमहून फ्लॉरेन्सला जाताना, आगगाडीत. काकू कॉफी आणायला गेल्या तशी काका हळूच म्हणाले, "मागच्या महिन्यात मी एका आजीच्या बाटलीत भलत्याच गोळ्या भरल्या. तू पकडलंस. तू विसरली असशील."

"अहो काका, सगळ्यांकडून होतं तसं."

"माझ्याकडून होत नव्हतं. डॉक्टरकडे गेलो तर तो वार विचारणार, महिना विचारणार. ते मी पाठ करून जाईन. मी लबाड आहे, मला माहितीये. हेन्डरसनमध्ये तर माझे पाय आपोआप चालतात. म्हणून हे नवं गाव." त्यांनी पाच ठिकाणं क्रमवार पाठ केली होती. नकाशा नाही, फोन नाही. ते पुढे चालणार आणि मी मागून नुसतं बघायचं. "मधे बोलू नकोस. संध्याकाळी सांग. तू नापास केलंस तर यंदा फार्मासिस्टचं सर्टिफिकेट रिन्यू करणार नाही. काउंटर सोडला समज."

मग सुरू झाली ती पायपीट. काका पुढे, काकू मधे आणि मी मागे. नापास करणारी चूक शोधायची आणि ती सापडू नये म्हणून मनातल्या मनात देवाचा धावाही करायचा, अशी माझी गत. मोठ्या घुमटाचं चर्च त्यांनी न चुकता गाठलं. तिथून सांता क्रोचे. त्याच्या पायऱ्यांपाशी उभं राहून काका म्हणाले, "आतलं चर्च जुनं. हा पुढचा संगमरवर कितीतरी शतकांनी चिकटवलाय. फसू नका."

"हो का? मला वाटलं, सगळं जुनंच," काकू म्हणाल्या.

जेवायला जायचं होतं त्या गल्लीत मात्र काकांचा चेहरा उतरला. पाठ केलेल्या नंबरावर खानावळ नव्हतीच, कोणाचं तरी राहतं घर होतं. ते रुमालाने कपाळ पुसत राहिले. शेवटी एका बाईने समजावलं की इथे दुकानांचे नंबर लाल आणि घरांचे वेगळे, दोन्हींची मोजणी निराळी. काकांना केवढा आनंद झाला! "बघ, चूक गावाची निघाली!" जेवणात त्यांनी चीजवरही संशय घेतला, तेव्हा मला हायसं वाटलं. चौकातल्या डेव्हिडच्या उघड्या पुतळ्यापुढे तर ते विजयी मुद्रेने म्हणाले, "हा नकली. खरा संग्रहालयात कोंडून ठेवलाय." ते खरंच होतं.

आता पूल राहिला होता. काका वळले, ताडताड चालत गेले आणि एका चर्चच्या पायऱ्यांपाशी थांबले. सांता क्रोचेच.

"आतलं चर्च जुनं," ते म्हणाले. "हा पुढचा संगमरवर कितीतरी शतकांनी चिकटवलाय. फसू नका."

"हो का? मला वाटलं, सगळं जुनंच." काकूंनी एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

लगेच मनात आलं, ही माझीच परीक्षा तर नसेल? मुद्दाम चुकून मी पकडते का, हे बघत असतील. शंकाकाकांना ते शोभलंही असतं. पुलापर्यंत मी त्यांच्या चेहऱ्यावर डोळा ठेवून चालले. मिशीत लपवलेलं हसू कुठे दिसतं का ते शोधत राहिले. दिसलं नाही.

पुलाच्या कठड्याला टेकून काका म्हणाले, "हं. सांग."

खोटं बोलायचं माझं जवळजवळ ठरलं होतं. पण त्यांनी इतक्या भरवशाने विचारलं की मला जमलं नाही. "काका, आपण सांता क्रोचेला दोनदा गेलो. तुम्ही तेच सगळं परत सांगितलंत."

काका काकूंकडे वळले. "तुला कळलं होतं?"

"मार्चपासून कळतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"साऱ्या जगावर संशय घेतलात. एका स्वतःवर घेतला नव्हतात," काकू म्हणाल्या. "म्हटलं, तेवढा विश्वास तरी राहू दे."

मी तोंड फिरवून रडले. काकांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "उत्तम तपासलंस," एवढंच म्हणाले.

परतल्यावर त्यांनी काउंटर सोडला. वर्षभरात दुकान विकलं गेलं आणि दोघं हॉर्नबीला मुलाकडे राहायला गेली. मी त्याच दुकानात नव्या मालकाकडे काम करते. मी खरं सांगितलं ते बरोबरच होतं, हे मला समजतं. तरी त्या पुलावर एक दिवस उशीर केला असता तर काय बिघडलं असतं, असं अजून वाटतं.

परवा काकूंचा फोन आला. दुपारी त्या जरा पडल्या होत्या. उठून बघतात तर बाहेरच्या खोलीत एक अनोळखी माणूस सोफ्यावर बसून चहा पीत होता. कसली तरी जाहिरातपत्रकं वाटायला आलेला. काकांनी त्याला घरात घेतलं होतं, बिस्किटं दिली होती, आणि तो घर बघू का म्हणाला तेव्हा सगळं घर फिरवून दाखवलं होतं.

"मी विचारलं, अहो, कोण होता तो?" काकू सांगत होत्या. "तर म्हणाले, मला काय माहीत? असेल कोणी चांगला माणूस."