कुलूपराव आणि ओले शाफ्ट

कारखान्यात त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. सगळे त्याला कुलूपराव म्हणत. तळघरातल्या स्टोअरच्या जाळीच्या दाराला एक कुलूप पुरलं असतं, त्यानं दोन लावली होती. लावून झाली की तीनदा ओढून पाहायचा, चार पायऱ्या चढायचा आणि परत खाली येऊन चौथ्यांदा ओढायचा. घरीही तेच. बायको म्हणायची, "अहो, मी आत आहे, तुम्हीही आत आहात. आता कुणाला बाहेर ठेवताय?"

माणूस कामचुकार नव्हता, हे आधी सांगायला हवं. एकतीस वर्षांत त्याच्या ताब्यातला एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. रोज सकाळी सातला तो खाली उतरायचा, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडायचा, जाळीबाहेरचं लाकडी दार उघडायचा, जाळी मात्र कुलूपबंद ठेवायचा आणि मग वर चहाला जायचा. त्याच्या पहिल्या उस्तादानं सांगितलं होतं, कोंडलेली हवा लोखंड खाते. ते वाक्य त्यानं कधी तपासलं नाही. माणसं मात्र तो रोज तपासायचा.

त्या साली थंडी लांबली आणि मग एका रात्रीत सरली. वर अंगणात गरम, चिकट वारा सुटला. तळघराच्या दगडी भिंती मात्र अजून गारच होत्या. सोमवारी चहा पिऊन तो खाली आला, तर मांडणीवरचे घासून चकचकीत केलेले शाफ्ट ओले. दुपारपर्यंत त्यांवर तपकिरी ठिपके उठले. या शाफ्टांवर पुढे मुलामा चढायचा, म्हणून तेलाचं बोट लावायलाही बंदी होती.

एक शाफ्ट हातानं घासून आरशासारखा करायला पाऊण तास लागतो. त्यात मनगट सैल सोडून चालत नाही आणि दाबूनही चालत नाही. तेवीस शाफ्ट खराब झाले होते. ते घासणाऱ्या ग्राइंडरवाल्यानं एक उचलून ठिपक्यांवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "कुलूपराव, दोन कुलपं लावून माझा घाम वाया घालवलात."

"कुणीतरी पाणी मारतंय," कुलूपराव म्हणाला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. साहेब खाली येऊन बघून गेले. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत मला माणूस सांगा," ते म्हणाले. "जो असेल तो घरी जाईल. तुम्ही असलात तर तुम्ही."

आता कुलूपरावाच्या मनात पाल चुकचुकायला लागली. जाळीतून माणूस जात नाही, पण पाणी जातं. सर्वांत जास्त ओले होते ते जाळीजवळचे आणि खिडकीजवळचे शाफ्ट, आतल्या कोपऱ्यातले जेमतेम. आणि सात ते साडेसात जाळीबाहेरच्या बोळात बादली घेऊन कोण असतं? फरशी पुसणाऱ्या मावशी. दोन महिन्यांपूर्वी त्यानं त्यांना ओल्या पायांनी जिना चढल्याबद्दल चारचौघांत सुनावलं होतं. बाई डूख धरून असणार.

बुधवारी रात्री घरी जाण्यापूर्वी त्यानं मांडणीखाली कोरडी वर्तमानपत्रं अंथरली. पाणी शिंपडलं तर कागदावर थेंब उमटतील. गुरुवारी शाफ्ट ओले होते आणि कागदावर एकही डाग नव्हता. दुसरा कुणी असता तर थांबून विचार केला असता. कुलूपराव मनाशी म्हणाला, बाई हुशार आहे, फडकं पिळून काठीनं फिरवते.

तो तसाच जिना चढून अंगणात आला आणि मावशींना गाठलं. बाहेर येताच चष्मा धुरकटला. तो सदऱ्यानं काचा पुसायला लागला.

"मावशी, सकाळी जाळीपाशी काय करता?"

"फरशी पुसते. तुम्ही चहा पिता तेव्हा."

"फडकं आत जातं का?"

मावशींनी बादली खाली ठेवली. "काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"लोखंड आपोआप ओलं होत नाही."

"आधी चष्मा पुसा नीट," मावशी म्हणाल्या, "मग माणसं ओळखा."

हा टोमणा त्याला झोंबला. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं साहेबांना मावशींचं नाव सांगितलं. साहेबांनी मावशींना बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशींनी बादली पालथी घातली, फडकं तिच्यावर वाळत टाकलं आणि गेल्या. घरात त्यांच्या एकटीच्या हाताला काम होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुलूपरावालाही.

शनिवारी त्यानं खिडक्या उघडल्या, लाकडी दार उघडलं, पण चहाला गेला नाही. जाळीला आतून कुलूप लावलं आणि स्टूल ओढून मांडणीसमोर बसला. मावशींचा कुणी साथीदार असेल तर सापडेल, एवढाच हेतू. बोळ कोरडा होता. पावलाचा आवाज नाही. समोर एक शाफ्ट, इतका स्वच्छ की त्यात त्याचं नाक दिसत होतं.

दहा मिनिटांनी नाक दिसेनासं झालं. आरशावर कुणी श्वास सोडावा तसं शाफ्टवर धुकं धरलं. त्यानं मान वळवून खिडकीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. कुणी नव्हतं. धुक्याचे बारीक थेंब झाले, थेंबाला थेंब मिळाला आणि एक ओघळ त्याच्या डोळ्यांदेखत शाफ्टवरच जरा खाली सरकला. बसून बसून त्याचे पाय गारठले होते. खिडकीतून येणारा वारा मात्र तोंडाला गरम लागत होता.

तो उठला, कुलूप काढलं आणि जिना चढून अंगणात आला. चष्म्यावर धुकं आलं. हात सवयीनं सदऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. आठवडाभर तो दिवसातून दहा वेळा हा चष्मा पुसत होता. चष्म्यावर कोण पाणी मारतं, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

तरी संशयी माणूस. एका खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. त्यानं एक शाफ्ट पुसून भट्टीजवळ कोमट केला आणि दुसरा तळघरातून गारच उचलून आणला. दोन्ही अंगणातल्या बाकावर शेजारी ठेवले. गार शाफ्ट भिजला. कोमट कोरडा राहिला. हवा तीच, बाक तोच.

ग्राइंडरवाला मागे येऊन उभा राहिला होता. "गरम हवा पाणी पोटात घेऊन फिरते," तो सावकाश म्हणाला. "गार लोखंडाला टेकली की ती निवते, मग तेवढं पाणी तिला पेलत नाही. ती ते तिथेच टाकते." मग त्यानं कुलूपरावाकडे पाहिलं. "तिला रोज आत कोण घेत होतं?"

"मी," कुलूपराव म्हणाला.

"काखेत कळसा."

साहेबांसमोर त्यानं दोन्ही शाफ्ट ठेवले आणि आपलं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "बाईंना परत बोलवा. तुमचं काय करायचं ते सोमवारी बघू."

मावशींची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. दार उघडंच होतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं, धुकं, ओघळ, बाक. मावशींनी ऐकून घेतलं.

"गार पाण्याचा तांब्या बाहेरून भिजतो," त्या म्हणाल्या. "त्याला तडा गेलाय असं कुणी म्हणत नाही. मला विचारायचं होतं."

"चुकलं माझं."

"इथे दारात म्हणू नका. जिथे नाव घेतलंत तिथे म्हणा."

सोमवारी पाळी सुरू होताना, चाळीस माणसांसमोर, अंगणात उभा राहून त्यानं म्हटलं. पूर्ण म्हटलं. साहेबांनी त्याला ठेवला. अट एकच, खराब झालेला प्रत्येक शाफ्ट त्यानंच घासायचा. आठवड्याचे मिळून एकसष्ट भरले. रोज पाळी संपल्यावर तीन, कधी चार. पाचव्या दिवशी मनगट सुजलं, पण पाऊण तासाचं काम त्यानं अर्ध्या तासात उरकलं नाही.

खिडक्या आता घड्याळावर उघडत नाहीत. सकाळी आल्यावर तो चष्मा काढून मांडणीवर ठेवतो, लोखंडाइतका गार झाला की घेऊन अंगणात येतो आणि हात लांब करून धरतो. काच धुरकटली तर खिडक्या बंद. स्वच्छ राहिली तर उघडतो. चष्म्याशिवाय त्याला समोरचा माणूस नीट दिसत नाही, म्हणून तो मावशींनाच विचारतो, "काय दिसतंय?"

मावशी बादली खाली न ठेवता बघतात. "बंद ठेवा," म्हणतात आणि पुढे जातात.

कुलपं अजून दोनच आहेत. ओढून मात्र तो एकदाच पाहतो.