आमच्या पाड्याची मोजदाद

आमचा पाडा तलासरी तालुक्यात, ओहोळाच्या अलीकडे. मूळ गाव पलीकडे, आणि सरकारी कागदावर आम्ही त्या गावाचं शेपूट. रेशनचं दुकानही पलीकडेच. पावसाळ्यात ओहोळ असा फुगतो की डहाणूच्या समुद्राने बघायला यावं. एका पावसात धाकटी काकी डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन त्यात उतरली. काकी अलीकडे पोहोचली. तांदूळ गुजरातेत गेला.

तेव्हापासून तिने धरूनच ठेवलं : पाड्याला वेगळ्या गावाचा दर्जा पाहिजे. गाव झालं की दुकान इकडे मागता येईल.

अर्ज गेला, चौकशी लागली. पाड्यात माणसं किती राहतात ते बघायला तलाठी येणार असं कळलं, आणि तेही ऐन हिवाळ्यात! हिवाळ्यात आमचा पाडा म्हणजे म्हातारी माणसं, कोंबड्या आणि मी. बाकीचे गुजरातच्या बंदरांवर, बोटींवर खलाशी. काही घरं बायकापोरांसकट कामाला गेलेली. (मी का नव्हतो गेलो? कष्ट माझ्या प्रकृतीला मानवत नाहीत.) जाताना जो तो आपल्या घराची किल्ली काकीकडे ठेवतो. तिच्या कमरेला एवढ्या किल्ल्या की ती चालायला लागली की बैलगाडी आली समजून लोक बाजूला होतात.

त्या दिवशी काकीने सगळी कुलपं काढली आणि घरोघरी चुली पेटवल्या. धूर इतका झाला की हायवेवरचे ट्रकवाले अच्छाडपर्यंत भर दुपारी दिवे लावून गेले. माझं काम एकच, तलाठी भाऊसाहेबांना लांबच्या वाटेने फिरवायचं. तेवढ्यात काकी मागच्या दाराने पुढच्या घरात शिरायची, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची आणि चहा पुढे करायची.

"घरातली बाकीची माणसं?"

"रानात गेलीत, भाऊसाहेब. लाकडाला."

दोन-चार घरं झाली. तितकेच चहाही झाले. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला.

"मावशी, हा कुत्रा मला प्रत्येक दारात भेटतोय."

"गरीब पाडा आहे. सगळ्यांत मिळून एकच कुत्रा."

"आणि चहा करणारी?"

काकी घाईघाईने कप उचलायला वाकली. तेव्हा मीच बोललो, "तीपण सगळ्यांत मिळून एकच."

काकीने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यावर भाकरी भाजली असती.

भाऊसाहेब हसले नाहीत. "खोटं मी लिहिणार नाही. पण माणसं खरंच आहेत ना?"

"आहेत हो!" काकीने पदर मागे टाकला. "पोट तिकडे आहे, घर इकडे आहे. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की या आणि बघा."

"येतो," म्हणाले आणि गेले. सरकारी माणसाचं 'येतो'! काकीला त्यानंतर धड झोप नाही. बंदरावरच्यांना सारखे फोन : बोटी बंद झाल्या की सरळ घरी यायचं, वाटेत कुठे टेकायचं नाही.

पाऊस आला, सगळे आले आणि खरंच भाऊसाहेबही आले. पण पलीकडच्या काठापर्यंतच. मधे ओहोळ. छत्री उलटी झालेली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. अलीकडे अख्खा पाडा भिजत उभा. ते तिकडून ओरडायचे, एकेक घर पुढे व्हायचं, हात वर करायचं. पाण्याचा आवाज असा की आमची हाक आधी उंबरगावला ऐकू जाऊन मग त्यांच्याकडे पोहोचत असावी.

"मावशी, तुम्ही कुठल्या घरातल्या?"

"एकाच!" काकी किंचाळली. "या खेपेला एकाच!"

एवढ्यात कुत्रा पाण्यात उतरला आणि पोहत जाऊन त्यांच्या पायाशी अंग झटकू लागला.

"मी यावं म्हणतोय, पण पाणी येऊ देत नाही," भाऊसाहेब ओरडले. "माणसं तर लिहितोच. पण हेसुद्धा लिहितो!"

लिहिलं. कागद पुष्कळ टेबलं फिरला आणि पाड्याला गावाचा दर्जा मिळाला. उशिरा का होईना, दुकानही आलं, बोटीवर गेलेल्या एकाच्या रिकाम्या घरात. किल्ली अर्थात काकीच्या कमरेला. कुत्रा मात्र पलीकडेच रमला. त्याची गणती मूळ गावात.