परतवाडेवालीची पाहणी

माझ्या बायकोच्या मामांइतक्या हौसेने विमा उतरवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. मी अमरावतीत विम्याचा धंदा करतो. मला लांबून पाहून ओळखीचे लोक रस्ता बदलतात, लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरते. मामाजी मात्र अकोल्याहून आपण होऊन फोन करतात, "जवाईबापू, मुदत संपून राह्यली ना बाप्पा, कवा येता?" आणि विमा तरी कशाचा? चार जुन्या मोटरसायकलींचा, ज्या वर्षानुवर्षं अंगणातल्या टिनाच्या शेडमधून हललेल्या नाहीत. अशा उभ्या गाड्यांना आगीचा आणि चोरीचा तेवढा विमा मिळतो. अटी दोनच. गाडी रस्त्यावर काढायची नाही, आणि दर वर्षी विम्याच्या माणसाने येऊन तिची पाहणी करायची.

या 'पाहणी' शब्दाने सगळा घोटाळा केला. मामाजींना मूलबाळ नाही, मामी जाऊनही बरीच वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून त्यांनी गाड्यांनाच घरच्या बायकांसारखं माहेरच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. परतवाड्याहून आणलेली ती परतवाडेवाली, मग भातकुलीवाली, मग शेंदूरजनावाली. चौथी अकोल्यातच घेतलेली, ती नुसती धाकली. ऊन लागू नये म्हणून चौघींच्या अंगावर मामींची जुनी लुगडी. चाक एकाच बाजूवर दबू नये म्हणून मामाजी रोज सकाळी प्रत्येकीला थोडं पुढे ढकलतात. त्याला ते 'कूस बदलवनं' म्हणतात. "एका अंगावर पडून राह्यलं का लय दुखते जवाईबापू. तुमच्या मामीच्या दुखन्यात शिकलो मी हे," असं एकदा म्हणाले आणि लगेच फडकं शोधायला आत गेले.

तर पाहणी म्हणजे मामाजींच्या लेखी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. मी फाटकातून शिरलो की पायावर पाणी, पाट, पोहे. वर भुरभुरवलेलं खोबरं. मग पदर बाजूला होतो आणि वधूपिता सुरू होतो. "आवाज गोड हाय. खानं कमी. घराबाहेर पाय टाकत नाई, इचारा कोनाले बी!" मी नंबर ताडून पाहतो, फोटो काढतो. निघताना ते हात जोडून विचारतात, "पसंत हाय ना?" आणि मीही वरपक्षाच्या तोऱ्यात म्हणतो, "घरी जाऊन कळवतो." यावर ते डोळ्यात पाणी येईस्तोवर हसतात. "कळवतो म्हननारे परत येत नसतात बरं! मामीले पाह्यले गेलो तवा आमचे बाबा बी 'कळवतो' म्हनून उठले होते. मी पोह्याचा घास तोंडात असतानाच म्हटलं, पसंत हाय! सारे हसले. मले ठसका लागला." परतवाडेवाली म्हणजे त्याच लग्नात सासऱ्यांनी दिलेली गाडी.

चारही विम्यांची मुदत वेगवेगळ्या महिन्यांत संपायची. एक संक्रांतीनंतर, एक भर उन्हाळ्यात, एक पोळ्याच्या सुमारास, एक दिवाळीच्या तोंडावर. मी कितीदा म्हटलं, मामाजी, एकत्र करू, स्वस्त पडेल, माझी खेपही वाचेल. ते उखडायचे. "काहून? चारी पोरी एकाच मांडवात उजवता काय? गरिबाची समजली काय आमची शेड?" मी आपला हसायचो.

यंदा आमच्या ऑफिसने नवी पद्धत काढली. पाहणीला जायची गरज नाही, मालकाने मोबाईलवर फोटो पाठवला की झालं. मी मोठ्या आनंदात मामाजींना फोन लावला.  पलीकडून बारीक आवाज आला, "मंग आता तुमी येनारच नाई का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. संध्याकाळी परतवाडेवालीचा फोटो आला, नखशिखान्त लुगड्यात गुंडाळलेली. मी फोन करून म्हटलं, मामाजी, लुगडं काढून फोटो घ्या, नंबर दिसला पाहिजे. "लेकीचा पदर मी फोटोपायी काढत नसतो," मामाजी कडाडले. "पाहाची असन त या!" आणि फोन ठेवला. बायको तिथेच उभी होती. म्हणाली, "अजून नाही कळलं तुम्हाला? मामाला चोराची कसली भीती? वर्षातून चारदा कोणीतरी घरी यावं म्हणून चौघींचे महिने वेगळे ठेवलेत त्याने." इतकी वर्षं त्यांच्या घरचे पोहे खाल्ले आणि हे मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरमार्गे सकाळची बस धरली. मामाजी इस्त्रीचं धोतर नेसून फाटकाशीच उभे होते. पाणी दिलं, पाट मांडला, पोहे आणले. परतवाडेवालीचा पदर हलकेच बाजूला केला. या वेळी वधूपित्याचं कौतुकपुराण नव्हतं. नुसतं विचारलं, तेही माझ्याकडे न पाहता, "पसंत हाय ना?"

माझ्या तोंडात घास होता. तसाच म्हणालो, "पसंत आहे मामाजी. उन्हाळ्यात भातकुलीवालीलाही पाहायला येतो."

मला ठसका लागला. मामाजी धावत पाणी आणायला गेले, ते आतून लवकर बाहेर आलेच नाहीत.