तीन म्हणायला उशीर

आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा तो माणूस कुणासाठी थांबत नाही. एक वार, दोन वार, तीन वार, की पाटी गेली. घरी चहासुद्धा तो तीनदा मागतो, असं त्याची बायको सांगते. बारावीची पोरं दिसली की लिलाव चालू असतानाच त्यांना सूत्रं विचारतो, आणि उत्तर बरोबर की चूक ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखतो, कारण मी त्यांचा गणिताचा मास्तर.

काल मात्र तो अडला. एका खलाशाच्या पोरीला अलिबागच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि तिच्या फीसाठी सगळ्या होड्यांनी मिळून सुरमईची एक पाटी दिली होती. बोली चढत गेली, ‘दोन वार’ झालं आणि तो गप्पच झाला.

नागावचा हॉटेलवाला ओरडला, “अरे, तीन म्हण की!”

“फी पुरी न्हाय झाली अजून.”

माणसं हसली आणि बोली पुन्हा उसळली. तो घामाघूम होऊन ‘दोन वार, दोन वार’ करत राहिला. फी जुळली तेव्हा कुठे त्याच्या तोंडून ‘तीन’ निघालं, तेही असं की धक्क्यावरचे बगळे उडाले.

ती शेवटची बोली माझी होती. मी जन्मात मासा खाल्लेला नाही.